पाचव्या अवकलजाचा हिशेब

पहिला अवकलज म्हणजे वेग, दुसरा म्हणजे त्वरण. इथवर बारावीचे भौतिकशास्त्र साथ देते. तिसऱ्याला इंजिनिअर मंडळी ‘जर्क’ म्हणून ओळखतात. त्यापुढे बहुतेकांचा संबंध संपतो. पाचव्या अवकलजाशी कुणाचे काय काम असणार? कोलकात्यात मात्र ते काम निघाले होते, आणि तेही दोनदा.

पहिल्यांदा निघाले आशुतोष मुखर्जींकडे. आपल्याकडे ते माहीत आहेत कलकत्ता विद्यापीठाचे करारी कुलगुरू, हायकोर्टाचे न्यायाधीश आणि श्यामाप्रसादांचे वडील म्हणून. पण १८६४ साली जन्मलेला हा माणूस विशीत असताना पक्का गणिती होता. त्याला पछाडले होते गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाच्या एका समीकरणाने. वर्तुळ, लंबवर्तुळ, पॅराबोला, हायपरबोला या सगळ्यांना मिळून शांकव म्हणतात. ते कुठेही असोत, कसेही कलंडलेले असोत, सगळ्यांना लागू पडणारे एकच समीकरण मोंजने काढले होते. वक्राच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या अवकलजांना अनुक्रमे अ, ब, क, ड म्हटले तर ते असे:

९अ²ड − ४५अबक + ४०ब³ = ०

समीकरण बरोबर आहे, पण म्हणजे काय? इंग्लंडच्या जॉर्ज बूलने तर भूमितीतून अर्थ लावण्याची आपली ताकद इथे संपते, अशा आशयाचा शेरा मारला होता. मुखर्जींनी तो मानला नाही. एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या नियतकालिकात त्यांनी स्वतःचा अर्थ मांडला. सोप्या भाषेत सांगायचे तर, वक्रावर एक बिंदू घ्या आणि तिथे वक्राला सर्वांत घट्ट बिलगणारा शांकव काढा. बिंदू सरकू लागला की त्या शांकवाचे केंद्रही सरकते आणि स्वतःचा एक माग काढते. पण मूळ वक्रच शांकव असेल तर बिलगणारा शांकव तोच, केंद्र तेच. माग आक्रसून एका ठिपक्यावर येतो. मोंजचे समीकरण नेमके हेच सांगते. (पॅराबोलाचे केंद्र अनंताला असते, त्यामुळे तिथे थोडी कसरत करावी लागते.)

मुखर्जी पुढे न्यायासनावर बसले तरी गणित सुटले नाही. १९०८ साली त्यांनी कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी तिच्या ‘बुलेटिन’मध्ये श्यामादास मुखोपाध्याय यांचा लेख आला. पाचव्या अवकलजाचे दुसरे काम हे. श्यामादासबाबूंनी दाखवले की, कोणत्याही बंद, बाहेर फुगलेल्या अंडाकृती वक्रावर किमान चार बिंदू असे असतात, जिथे वक्रता वाढता वाढता घटू लागते किंवा घटता घटता वाढू लागते. आज जगभर याला ‘चार शीर्षबिंदूंचे प्रमेय’ म्हणतात. त्याच लेखात आणखी एक, तुलनेने कमी माहीत असलेली गोष्ट होती: अशा वक्रावर किमान सहा बिंदू असे असतात, जिथे शांकव वक्राला नेहमीपेक्षा एक पायरी जास्त घट्ट बिलगतो.

या पायऱ्या कशा मोजायच्या? दोन बिंदूंतून एक रेषा ठरते, तीन बिंदूंतून एक वर्तुळ, पाच बिंदूंतून एक शांकव. हे सगळे बिंदू एकमेकांजवळ सरकवत एकाच जागी आणले की ‘बिंदूंतून जाणे’ याचे ‘अवकलज जुळणे’ होते. रेषेचे दोन बिंदू म्हणजे मूल्य आणि पहिला अवकलज जुळला, तीच स्पर्शिका. वर्तुळाचे तीन म्हणजे दुसऱ्या अवकलजापर्यंत जुळले. चौथाही बिंदू जुळला, म्हणजे तिसरा अवकलजही जुळला, की तो शीर्षबिंदू. शांकवाचे पाच म्हणजे चौथ्या अवकलजापर्यंत. सहावा जुळायचा तर पाचवा अवकलज हवाच. श्यामादासबाबूंच्या त्या सहा बिंदूंवर मोंजच्या समीकरणाची डावी बाजू शून्य होते.

कागदावर हे सिद्ध करणे वेगळे आणि एखाद्या खऱ्या वक्रावर ते सहा बिंदू शोधून काढणे वेगळे. वक्र म्हणजे दोन ओळींचे सूत्र असेलच असे नाही. पाचशे ओळींचा प्रोग्रॅमही असू शकतो. त्याचा पाचवा अवकलज काढायचा कसा?

सगळ्यांना सुचणारी वाट फरकांची. थोडे पुढे सरका, मूल्य काढा, वजाबाकी करा, अंतराने भागा. झाला पहिला अवकलज. पाचव्यासाठी समान अंतरावरचे सहा बिंदू घ्यायचे, तिथल्या मूल्यांना −१, ५, −१०, १०, −५, १ ने गुणून बेरीज करायची आणि अंतराच्या पाचव्या घाताने भागायचे. अंतर जितके लहान तितके उत्तर अचूक, असे व्याख्या सांगते. १९५६ साली कोलकात्याच्या बारानगरला, महालनोबीसांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये, एचईसी-२एम हा देशातला पहिला डिजिटल संगणक आला, तेव्हा अंकगणिती विश्लेषणाच्या पुस्तकांत फरकांच्या कोष्टकांचेच राज्य होते. अजूनही कित्येक अभ्यासक्रमांत आहे.

ही वाट कुठे फसते ते एका सोप्या वर्तुळावर पाहू. केंद्र शून्यावर, त्रिज्या ५; क्ष = ३ असताना य = ४. इथला पाचवा अवकलज आहे सुमारे −०.४७६. आता अंतर घेऊ ०.०००१, म्हणजे चांगले बारीक. संगणकाच्या नेहमीच्या आकड्यांत सोळा-एक अर्थपूर्ण अंक मावतात. चारच्या किंचित खाली असलेल्या दोन शेजारच्या आकड्यांमध्ये सुमारे ४.४४ × १०⁻¹⁶ इतकी फट असते. त्याहून बारीक काही तिथे लिहिताच येत नाही. त्यामुळे सहा मूल्यांची ती बेरीज या फटीच्या पटीतच येणार. आणि भागायचे आहे ०.०००१ च्या पाचव्या घाताने, म्हणजे १०⁻²⁰ ने. उत्तर एक तर शून्य येईल, नाही तर कमीत कमी ४४,४०९ च्या आसपास, अधिक किंवा उणे. अर्ध्याहून लहान असलेले खरे उत्तर या यंत्राला या रीतीने देताच येणार नाही.

कोथिंबिरीच्या जुडीचे वजन करायला ती भरल्या ट्रकमध्ये ठेवून धर्मकाट्यावर दोनदा तोलावी, त्यातला हा प्रकार. काटा खोटा नसतो, जुडी तिथे तोलायची नसते.

मग अंतर वाढवू. ०.००१ घेतले तर उत्तरात दोन-दोन एककांची चूक सहज शिरते. म्हणजे अजूनही कचराच. ०.०१ घेतले तर वजाबाकीचा गोंगाट शमतो, पण मधल्या मध्ये वक्र इतका वळतो की उत्तर पाच-सहा टक्क्यांनी चुकते. सहा बिंदू दोन्ही बाजूंना सारखे वाटून घेतले आणि अंतर जपून निवडले तर चारेक अंक पदरात पडतात. सोळा अंकांचे भांडवल घालून चार अंकांची कमाई. आणि मोंजच्या समीकरणात तर हे आकडे एकमेकांत गुणून पुन्हा वजा करायचे आहेत!

यावरचा उपाय अंतर आणखी हुशारीने निवडण्यात नाही. मूल्ये काढून झाल्यावर त्यांच्यातून अवकलज पिळून काढायचा, हा हट्टच सोडायचा. प्रोग्रॅम शेवटी करतो काय? बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ, साइन, लॉग असल्या लहान लहान पायऱ्या. प्रत्येक पायरीचा अवकलज आपल्याला नेमका ठाऊक असतो. तेव्हा प्रत्येक आकड्याबरोबर त्याचे अवकलज पहिल्यापासूनच न्यायचे. एका आकड्याऐवजी सहा आकड्यांची यादी: मूल्य आणि टेलर श्रेणीचे पहिले पाच सहगुणक. यालाच ऑटोमॅटिक डिफरन्शिएशन, स्वयंचलित अवकलन म्हणतात.

आपल्याच वर्तुळावर करून पाहू. क्ष च्या जागी ३ + त लिहिले तर २५ − क्ष² चे होते १६ − ६त − त². म्हणजे यादी आहे (१६, −६, −१, ०, ०, ०). हिचे वर्गमूळ हवे; म्हणजे अशी यादी हवी की तिला तिनेच गुणले, बहुपदींना गुणतो तसे, तर ही मिळावी. पहिला आकडा अर्थातच ४. दुसरा: २ × ४ × (दुसरा) = −६, म्हणून −३/४. तिसरा: ८ × (तिसरा) + (−३/४)² = −१, म्हणून −२५/१२८. चौथा: ८ × (चौथा) + २ × (−३/४) × (−२५/१२८) = ०, म्हणून −७५/२०४८. याच रीतीने पुढचे दोन निघतात: −१५२५/१,३१,०७२ आणि −८३२५/२०,९७,१५२. शेजारच्या दोन मूल्यांची वजाबाकी नाही, बारीक अंतर नाही, त्या अंतराने भागणेही नाही.

या सहगुणकांना क्रमगुणिताने, म्हणजे २, ६, २४, १२० ने गुणले की अवकलज मिळतात: अ = −२५/६४, ब = −२२५/१०२४, क = −४५७५/१६,३८४ आणि ड = −१,२४,८७५/२,६२,१४४. आता हे मोंजच्या समीकरणात घाला. तिन्ही पदांचा छेद एकच येतो, २ चा तिसावा घात. वरचे आकडे असे: पहिल्या पदाचा −७०,२४,२१,८७५, दुसऱ्याचा +१,१५,८०,४६,८७५ आणि तिसऱ्याचा −४५,५६,२५,०००. बेरीज करून पाहा. शून्य; जवळजवळ नव्हे, नेमके शून्य.

हे उदाहरण मुद्दाम निवडलेले आहे, हे सांगायला हवे. छेद दोनचे घात निघाल्यामुळे द्विमान यंत्रात काहीच कापले गेले नाही. दुसरा कुठलाही बिंदू घेतला तर शेवटचा एखाद-दुसरा अंक इकडे-तिकडे होईल. पण चार अंक हाती लागणे आणि पंधरा अंक हाती लागणे यातला फरक लहान नाही.

कल्पना तशी जुनी आहे. ज्याचा वर्ग शून्य होतो असा एक काल्पनिक आकडा घेऊन पहिल्या अवकलजापुरते हेच अंकगणित विल्यम क्लिफर्डने १८७३ साली मांडले होते, अर्थात संगणकाचा विचारही नसताना. १९६४ साली आर. ई. वेंगर्ट याने अवघ्या दोन पानांच्या लेखात प्रोग्रॅमसाठी ही रीत सांगितली. रॅमॉन मूर याने टेलर सहगुणकांची ही अंकगणिती चाल अवकल समीकरणे सोडवण्यासाठी आणि उत्तराच्या चुकीला खात्रीची सीमा घालण्यासाठी वापरली. त्याचे पुस्तक १९६६ चे. कणत्वरकांत कणांच्या मार्गाचे चढ्या क्रमाचे अवकलज लागतात, तिथेही १९८० च्या दशकाअखेरीपासून हाच मार्ग रुळला.

यावर एक रास्त प्रश्न येतो: सूत्रच वापरून पाच वेळा अवकलन का करू नये? संगणकाला बीजगणितही येतेच की. येते, पण गुणाकाराचा नियम दर वेळी एका पदाची दोन पदे करतो आणि फलनात फलन असले की पदे झपाट्याने फुगतात. पाचव्या खेपेस सूत्र पानेच्या पाने भरते. शिवाय त्या पानांत तीच ती पोटसूत्रे पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी नव्याने मोजली जातात. यादीच्या रीतीत सूत्र तयारच होत नाही. फक्त आकडे वाहतात.

दुसरा मोह जास्त फसवा आहे. पहिल्या अवकलजाचे यंत्र हाताशी असले की तेच पाच वेळा एकात एक घालावे असे वाटते. अवकलजाचा अवकलज, त्याचा अवकलज. चालते, पण महाग पडते. प्रत्येक थरात आकडे दुप्पट होतात, पाचव्या थराला एका आकड्याचे बत्तीस होतात आणि त्यातले बरेचसे एकमेकांची नक्कल असतात. सहा आकड्यांच्या यादीत जे मावते त्यासाठी बत्तीस कशाला? त्यातून आतल्या थराचा काल्पनिक आकडा बाहेरच्या थराच्या आकड्यात मिसळला तर उत्तर गुपचूप चुकते. प्रोग्रॅम थांबत नाही, तक्रार करत नाही, फक्त चुकीचा आकडा देतो. जुन्या काही सॉफ्टवेअरमध्ये हा घोळ खरोखर होता आणि तो निस्तरायला संशोधकांना लेख लिहावे लागले.

आतापर्यंत एकच चल होता. चल अनेक झाले की कथा बदलते, आणि तिथे पुन्हा कोलकाताच आठवते. १९४४ साली सी. आर. राव कलकत्ता विद्यापीठात एम.ए.च्या वर्गाला आकलनाचा सिद्धान्त शिकवत होते. नमुना खूप मोठा असेल तर अंदाजातली चूक एका मर्यादेखाली जात नाही, हा फिशरचा निष्कर्ष त्यांनी फळ्यावर मांडला. वर्गातल्या एका विद्यार्थ्याने विचारले की, हे मोठ्याच नमुन्याला का, मर्यादित नमुन्यासाठी का सिद्ध करत नाही? राव रात्रभर बसले आणि दुसऱ्या दिवशी सिद्धता घेऊन आले. १९४५ साली ती त्याच कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘बुलेटिन’मध्ये छापून आली, आज ती क्रामेर-राव मर्यादा म्हणून प्रत्येक संख्याशास्त्राच्या पुस्तकात आहे. प्रश्न विचारणारा विद्यार्थी होता वि. म. दांडेकर. तेच, पुढे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे संचालक झालेले, नीलकंठ रथांबरोबर देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडणारे, आणि ज्यांच्या समितीमुळे ‘अनुशेष’ हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणात कायमचा घुसला ते दांडेकर. गुरू-शिष्य दोघेही १९२० सालचे.

या मर्यादेच्या पोटात दुसरा अवकलज आहे. लाइकलिहूड म्हणजे एखादा अंदाज खरा धरला तर हाती आलेले आकडे कितपत संभवतात याचे माप; अंदाज बदलला की त्याचा लॉग किती वेगाने उतरतो, म्हणजे त्या लॉगचे शिखर किती टोकदार आहे, हे दुसरा अवकलज सांगतो. शिखर टोकदार तर माहिती भरपूर, सपाट तर कमी. ज्याचा अंदाज बांधायचा तो आकडा म्हणजे प्राचल. एका प्राचलासाठी दुसरा अवकलज म्हणजे एक आकडा. शंभर प्राचले असतील तर वेगवेगळे दुसरे अवकलज होतात ५,०५०. तिसरे १,७१,७००. आणि पाचवे? ९,१९,६२,५२०. आजच्या यांत्रिक शिक्षणाच्या प्रारूपांत प्राचले कोटींनी असतात, तिथे सगळे दुसरे अवकलज नुसते साठवायलाही जागा पुरायची नाही.

इथे उपयोगी पडते ती उलट्या दिशेने जाण्याची युक्ती. फिनलंडच्या सेप्पो लिन्नाइनमा याने १९७० च्या आपल्या प्रबंधात ती मांडली: हिशेब आधी पुढे करून घ्यायचा, वाटेतल्या पायऱ्या नोंदवून ठेवायच्या आणि मग शेवटाकडून सुरुवातीकडे साखळी नियम लावत यायचे. प्राचले कितीही असोत, सगळे पहिले अवकलज मूळ हिशेबाच्या फार तर चार-पाच पट खर्चात मिळतात. न्यूरल नेटवर्क शिकवताना रोज चालते ते हेच. दुसऱ्या अवकलजांसाठी मग पूर्ण कोष्टक मागायचे नाही; एक दिशा ठरवायची, पुढे जाताना त्या दिशेचा अवकलज बरोबर न्यायचा आणि परतताना उलटी रीत लावायची. त्या दिशेपुरती दुसऱ्या अवकलजांची माहिती तेवढ्याच खर्चाच्या आसपास मिळते. त्याहून चढ्या क्रमासाठी वेगवेगळ्या दिशांनी आपली टेलर यादी चालवून मिश्र अवकलज त्यातून वेगळे काढता येतात. माझ्या मते नवशिक्याने इथवर यायची घाई करू नये. एका चलाची यादी हाताने एकदा केली की बाकीचे आपोआप उलगडत जाते.

रीत कितीही नेमकी असली तरी ती आंधळी आहे. तिला गणित दिसत नाही, दिसतो फक्त प्रोग्रॅम. आपल्या वर्तुळाच्या प्रोग्रॅममध्ये कुणी ‘क्ष बरोबर तीन असेल तर थेट चार दे’ अशी सोयीची ओळ घातली असेल, तर मूल्य बरोबर येईल आणि पाचही अवकलज शून्य येतील; कारण चार हा स्थिरांक आहे. क्ष = ५ वर वर्गमूळाखाली शून्य येते, यादीतला दुसरा आकडा काढताना शून्याने भागावे लागते आणि हिशेब तिथेच मोडतो. यात रीतीचा दोष नाही. तिथे वर्तुळाची स्पर्शिका उभीच असते. आणि प्रोग्रॅम एखादे कोष्टक वाचून मधली मूल्ये सरळ रेषेने भरत असेल, तर दुसरा अवकलज शून्यच मिळणार, मग मूळ घटना कितीही वळणदार असो.

प्रयोगशाळेतून किंवा सेन्सरमधून आलेले नुसते आकडे हाती असतील आणि मागे प्रोग्रॅम नसेल, तर स्वयंचलित अवकलन काहीच करू शकत नाही. तिथे फरकांची रीत किंवा आधी एखादा गुळगुळीत वक्र बसवणे, एवढेच उरते, आणि तिसऱ्या अवकलजापलीकडे जाण्याची हाव धरू नये. पण फलन प्रोग्रॅमच्या रूपात असेल, तर तिसऱ्या क्रमापासून पुढे फरक वापरायला कुठलेही कारण उरलेले नाही. पायथनमधले जॅक्स, ज्युलियातली टेलर श्रेणीची पॅकेजे, सी++ मधले एडॉल-सी ही साधने फुकट मिळतात. तीही नको असतील तर एक्सेलचे सहा रकाने पुरतात: वर सांगितलेला वर्गमूळाचा नियम एका ओळीत लिहा, ३ च्या जागी १.४ घाला आणि मोंजच्या तीन पदांची बेरीज किती येते ते पाहा.